सरांनी शाळेतून काढलेली शेळी

मला कुठलीही हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने सांगायला आवडते. तुमची आई म्हणते की आजी वरणाची फोडणीसुद्धा काडेपेटी कुठे ठेवली आहे इथपासून सांगते. पण आज ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांनी आयुष्यभर दिसेल त्याला ओळीत उभं केलं, आणि त्यांची स्वतःची गोष्ट मात्र काही केल्या ओळीत बसत नाही. तेव्हा आठवेल तसं लिहिते. सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नीलने विचारलं, "आजी, ते शिट्टीवाले आजोबा खरंच टीचर होते, की नुसतेच तसे वागत होते?" दोन्ही, असं मी म्हणाले आणि मग कॉल तुटला. शिवाय डिसेंबरात तुम्ही दोघांनी त्यांच्या शेतावर जे पाहिलं ती अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी तेव्हा मला सांगता येत नव्हती. का, ते पुढे येईल.

सर आमच्या शाळेत कवायत शिकवायचे आणि मी इंग्रजी. बारीक, ताठ माणूस. पायात कापडी बूट, ते दर सोमवारी खडूने पांढरे केलेले. गळ्यात शिट्टी. ही शिट्टी मी त्यांच्या गळ्यात वार्षिक तपासणीत, तापात आणि त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिली आहे. लग्नात त्यांनी ती फक्त एकदा वाजवली, पंगतीत लोक मध्येच घुसायला लागले तेव्हा. बोलायचे ते असं, जणू समोरच्या माणसाच्या पाठीमागे मैदान आहे आणि मैदानाच्या टोकाला कुणीतरी गप्पा मारतंय. "मॅडम, चहा घेणार?" एवढं विचारलं तरी शेजारच्या वर्गातली मुलं उभी राहायची.

एका सणाच्या आदल्या दिवशी गुलमंडीच्या चौकात गर्दी अडकली होती. रिक्षा, हातगाड्या, मोटारसायकली, मध्ये एक बैलगाडी. कुणीच पुढे सरकेना. सरांनी सायकल स्टँडवर लावली, शिट्टी फुंकली आणि आज्ञा दिली, "बाएँ मुड!" सगळे गप्प झाले. मग एक म्हातारा रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "चाचा, मुडनेकू जगा तो होना." सरांनी विचार केला. त्याचं म्हणणं त्यांना पटलं. त्यांनी त्याला शाबासकी दिली आणि सायकल खांद्यावर घेऊन निघून गेले. गर्दी होती तिथेच राहिली.

उशिरा येणाऱ्या मुलांना सर फाटकाशी हात वर करून उभं करत. एकदा सायकल पंक्चर झाली आणि त्यांनाच उशीर झाला. फाटकाशी दोन-तीन मुलं हात वर करून उभी होतीच, सवयीने. सर त्यांच्या शेजारी गेले आणि त्यांनीही हात वर केले. मुख्याध्यापक धावत आले, म्हणाले, सर, तास सुरू झालाय, वर्ग मोकळा आहे. सर म्हणाले, शिक्षा पूर्ण झाली की येतो. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. शेजारच्या मुलाला त्यांची दया आली असावी. त्याने हळूच सांगितलं (हे मला नंतर त्याच्याकडूनच कळलं), "सर, कोपर भिंतीला टेकवा. चालतंय." सरांनी त्याला दटावलं की शिक्षेत बोलायचं नाही. थोड्या वेळाने मी पुन्हा पाहिलं तर सरांचं कोपर भिंतीला टेकलेलं होतं.

शिक्षा एकदा दिली की ते ती मागे घेत नसत. दुसऱ्याची नाही, स्वतःची नाही, घरच्यांची तर नाहीच. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत होता, लेझीम पथकात. स्नेहसंमेलनाच्या तालमीत तो पेरू खाताना सापडला. सरांनी त्याला पथकातून काढलं. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, विनवण्या केल्या. मी रदबदली केली. मुख्याध्यापकांनी तर खोलीत बोलावून सांगितलं की पोरगं चांगलं नाचतं, घ्या परत. सर म्हणाले, "काढला म्हणजे काढला." तो मुलगा आता वाळूजला कंपनीत मोठ्या जागेवर आहे, त्याची मुलं शाळेत जातात, पण मिरवणुकीत लेझीम वाजायला लागली की तो अजूनही दोन पावलं मागे सरकून उभा राहतो. मी स्वतः पाहिलं आहे.

आता मेंढ्या.

वहिनींचं माहेर मेंढपाळाचं. सर निवृत्त झाले त्या सुमाराला वहिनींच्या भावाने त्यांना एक लहानसा कळप दिला. सरांची फर्दापूरच्या अलीकडे थोडी जमीन होतीच. अजिंठ्याची लेणी पाहायला जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात. सरांना कल्पना सुचली की शहरातल्या मुलांनी मेंढी जवळून पाहावी, लोकर कशी कातरतात ते पाहावं, भाकरी खावी आणि जाताना थोडी शिस्त घेऊन जावी. रस्त्यावर त्यांनी पाटी लावली. तिच्यावर लिहिलं होतं: "मेंढ्या पाहा. रांगेत या."

माणसं यायची. फाटकापाशीच सर त्यांची नखं तपासायचे. मग उंचीप्रमाणे उभं करायचे. पुण्याहून एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं होतं. सरांनी त्यांना मुलांची रांग वेगळी आणि मुलींची रांग वेगळी असं दिवसभर उभं केलं. नवरी रडली म्हणतात. एका साहेबांना त्यांनी खिशात हात घातल्याबद्दल गोठ्याला एक फेरी मारायला लावली. साहेबांनी ती मारली, आणि फेरी संपली तिथून थेट गाडीत जाऊन बसले. परत कुणी यायचं नाही.

शेळीचं झालं ते मात्र अलीकडे. तुम्ही जिथे राहता त्या न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांना मागून कुत्रा हाकतो. आमच्याकडच्या मेंढपाळांची रीत निराळी. कळपात एक शेळी ठेवतात, ती पुढे चालते आणि तिच्या मागून सगळ्या मेंढ्या जातात. सरांच्या कळपातली शेळी काळी होती, कान पांढरे. सरांनी तिचं नाव मॉनिटर ठेवलं होतं. एका रविवारी सगळे पाहुणे आणि सगळ्या मेंढ्या प्रार्थनेला उभ्या असताना मॉनिटर एका कोऱ्या करकरीत गाडीच्या बॉनेटवर चढली. तिने गाडीचा झेंडूचा हार खाल्ला. मग लिंबू खाल्लं. मिरच्या ठेवल्या आणि वायपरचं रबर खाल्लं. प्रार्थना संपेपर्यंत सर हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी तिचा कान धरला, ओढ्यापलीकडे शेजाऱ्याच्या शेतात नेऊन बांधली आणि परत येऊन जाहीर केलं की मॉनिटरला शाळेतून काढण्यात आलं आहे.

तेव्हापासून मेंढ्या कुठे जायच्याच नाहीत. चरायला न्यायचं तर वहिनींना हातात पाला घेऊन पुढे उलटं चालत जावं लागे. सर म्हणायचे, बघा, कशा शिस्तीत उभ्या राहतात. वहिनी म्हणायच्या, उभ्या राहतात, कारण जायचं कुठं ते कुणी सांगत नाही.

डिसेंबरात तुम्ही येणार हे कळल्यावर वहिनींचा मला फोन आला. आवाज बारीक होता, म्हणजे सर जवळपास होते. त्यांनी सांगितलं की नवऱ्याला त्यांनी एक अट घातली आहे.

"मी म्हणलं, संक्रांतीपर्यंत एका तरी घरानं आपल्या तोंडानं म्हणायचं, आम्ही परत येतो. नायतर मेंढ्या माझ्या भावाकडं, आन् आपण पोराकडं पुंडलिकनगरला."

सरांनी काय उत्तर दिलं, असं मी विचारलं.

"म्हणले, मंजूर. त्यांना वाटतंय समदेच येतील परत."

मला पुंडलिकनगरचा तो फ्लॅट माहीत आहे. चांगला आहे, तिसऱ्या मजल्यावर, हवेशीर. पण तिथल्या गच्चीत उभे राहून सर खाली पार्किंगमधल्या स्कूटरना शिट्टी मारताहेत असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. वहिनींच्याही आलं असावं. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं जायचंय, ताई. पण लोक हौसेनं येत्यात आन् फुगून जात्यात, ते बघवत नाय. तुमच्या घरचे आणा. आन् पढवून आणू नका बरं. त्यांना कळलं तर ते आपलं आपणच नापास करून घेतील."

हे अगदी खरं होतं. म्हणून मी तुम्हाला काही बोलले नाही. तुम्हाला वाटलं आजीला अजिंठा दाखवायचा आहे, आणि वाटेत मेंढ्या.

तर त्या सकाळी आपण निघालो. थंडी होती, मी माझी काळी शाल घेतली होती, पांढऱ्या काठांची. तुमचे बाबा गाडी चालवत होते आणि सिल्लोडपर्यंत एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणत होते: आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेंढ्या दिसतात, आणि मेंढ्या बघायला आपण समुद्र ओलांडून आलो. नील, तू झोपला होतास. ईरा, तू त्या सुट्टीत "ओके" याखेरीज दुसरा शब्द उच्चारला नव्हतास. मोबाइलमध्ये मान घालून बसली होतीस आणि मी मनात म्हणत होते की देवा, परत येण्याचं वाक्य या गाडीतून कोण बोलणार आहे?

फाटकावर सर उभे होते, बूट पांढरे, शिट्टी गळ्यात. त्यांनी मला "मॅडम" म्हणून नमस्कार केला आणि लगेच नखं मागितली. मी दाखवली. मी पास झाले. तुम्ही मुलं आणि तुमची आईही पास झालात. तुमचे बाबा नापास झाले. फाटकाच्या खांबाला नेलकटर दोरीने बांधलेला होता. बाबा म्हणाले, मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. सर म्हणाले, "मेंढीला ओरखडा वय बघून पडत नाय." बाबांनी नखं कापली, पण त्यांच्या मानेवरून मला कळलं की सुरुवात चांगली झालेली नाही.

मग सरांनी मेंढ्यांची ओळख करून दिली. त्यांची नावं त्यांनी शाळेतल्या विषयांवरून ठेवली होती. इतिहास म्हातारी होती आणि तेच ते पुन्हा पुन्हा ओरडायची. गणिताला कुणी जवळ जायचं नाही. एक मेंढी बाजूला, मान वर करून उभी होती. नीलने तिचं नाव विचारलं.

"ती इंग्रजी," सर म्हणाले. "कुणात मिसळत नाय. मान लई ताठ. खायच्या वेळी मात्र पहिली."

तुमची आई हसली. मी हसले नाही.

लोकर कातरायचं दाखवताना सरांनी मोठी कात्री हातात घेतली आणि बोलता बोलता बाबांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. बाबांची ती मागे रबरबँडने बांधलेली शेंडी तुम्हाला माहीत आहेच. सर तिच्याकडे बराच वेळ पाहत होते. शाळेत ते केस वाढवलेल्या मुलांना स्वतः कातरायचे हे मला ठाऊक होतं, बाबांना नव्हतं. "लोकर चांगली आलीय," सर म्हणाले. "उन्हाळ्याच्या आत काढलेली बरी." त्यानंतर बाबांनी आपली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि ती शेवटपर्यंत हलवली नाही.

आणि मग, ईरा, तू बोललीस. मोबाइलवरून नजर उचलून विचारलंस, "कुत्रा कुठे आहे? आमच्याकडे कुत्रा असतो. तो सगळ्यांना मागून ढकलतो."

वहिनी म्हणाल्या, "आमच्यात मागून कुणी हाकत नाय, बाळा. पुढं शेळी चालती. तिच्यामागं समद्या."

"मग शेळी कुठे आहे?"

त्याच क्षणी ओढ्यापलीकडून मॉनिटर ओरडली. सगळ्या मेंढ्यांनी तिकडे माना वळवल्या. सर खाकरले आणि म्हणाले की तिला काढून टाकलं आहे.

आता मुख्य कार्यक्रम होता, मेंढ्यांची कवायत. आपल्याला बाकावर बसवलं. मेंढ्या मैदानाच्या मधोमध घट्ट जमून उभ्या होत्या. सरांनी शिट्टी फुंकली आणि "सावधान" म्हणाले. त्या उभ्याच होत्या. "विश्राम" म्हणाले. त्या उभ्याच राहिल्या. नील म्हणाला, चांगलं करताहेत. "आगे चल" म्हटल्यावर मात्र काहीच झालं नाही. सरांनी पुन्हा म्हटलं. आणखी मोठ्याने म्हटलं. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मला सकाळच्या दोन कप चहामुळे जरा जाऊन यायचं होतं. मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती, दारही पत्र्याचं. मी उठले, शाल सारखी केली आणि निघाले. मी कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत वर्गांवर फेरी मारायची तशी. मी निघाले आणि नेमकं तेव्हाच सर पुन्हा ओरडले, "आगे चल!"

आणि मेंढ्या चालू लागल्या.

मला मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. टाळ्या ऐकू आल्या. तुमच्या आईने नंतर सांगितलं की सरांचे डोळे भरून आले होते. ते मेंढ्यांच्या बाजूने पावलं आपटत चालत होते, "एक दो, एक दो" म्हणत, आणि इंग्रजी, गणित, इतिहास, सगळे विषय रांगेने चालले होते. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते त्यांना अखेर मिळालं होतं. मी खोलीत शिरले आणि दार लावलं तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की रांगेच्या पुढे कोण होतं. काळी शाल, पांढरे काठ, आणि कुठे जायचंय ते ठाऊक असल्यासारखी चाल. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, ताईंना शेळी समजल्या."

आत मला आधी खुरांचा आवाज आला, मग श्वासांचा. मग दार किंचित वाकलं. माझं काम आटोपल्यावर मी कडी काढून दार ढकललं. दार बाहेर उघडणारं होतं. ते बोटभर उघडलं आणि फटीतून लोकर आत आली. मी ती नीट ढकलून बाहेर घातली. ती पुन्हा आत आली. मग मी बादली पालथी घातली, तिच्यावर उभी राहिले आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पाहिलं. खाली सगळीकडे पाठीच पाठी होत्या. इंग्रजी सर्वांत पुढे होती आणि दाराला गाल लावून उभी होती.

सरांनी पीछे मुड, दाहिने मुड, विसर्जन, सगळं म्हणून पाहिलं. वहिनींनी पाला आणून दाखवला. मेंढ्यांना पाला नको होता, मी हवी होते. मग तुमच्या बाबांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. ते म्हणाले, बाजूला व्हा, हे आमचं रोजचं आहे. आणि इतक्या शिकलेल्या, एरवी कमी बोलणाऱ्या माणसाने मेंढ्यांच्या मागे जाऊन कुत्र्यासारखं भुंकायला सुरुवात केली.

तिकडच्या मेंढ्या भुंकण्याने पुढे जात असतील. इकडच्या मेंढ्या घाबरल्या की आपल्या शेळीजवळ जातात. त्या माझ्याजवळ आल्या. पत्रा आत वाकला आणि एक स्क्रू माझ्या पायाशी येऊन पडला. मी झरोक्यातून म्हणाले, जावईबापू, आता पुरे. तेवढ्यात मला एक आवाज ऐकू आला, उचकीसारखा. मी पाहिलं तर ईरा, तू बाकावरून खाली बसली होतीस, दोन्ही हातांनी पोट धरून हसत होतीस. मोबाइल बाकावर पडला होता. तुला तसं हसताना मी तुझ्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला आत अडकल्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

सर मेंढ्यांमधून वाट काढत झरोक्याखाली आले.

"मॅडम, आत हवा येते का?"

"येते, सर. मेंढीची येते."

"घाबरू नका."

"मी घाबरलेली नाही. मी बादलीवर उभी आहे. सर, शेळीला आणा."

सरांनी ओढ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, म्हणाले, "काढली म्हणजे काढली, मॅडम. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. मग माझं जेवण या झरोक्यातून द्या, आणि बँकेला कळवा की मी हयात आहे आणि पेन्शन इथेच पाठवावी."

वहिनी दूर उभ्या होत्या. ओढ्यापलीकडे मॉनिटर पुन्हा ओरडली आणि माझ्या दारापाशी सगळ्या मेंढ्यांनी एकदम उत्तर दिलं. सर बुटांकडे पाहत होते. बूट आता पांढरे राहिले नव्हते.

"तिला परत घेतली," ते म्हणाले, "तर पोराला काय सांगू?"

मला क्षणभर कळलं नाही ते कोणत्या पोराबद्दल बोलताहेत. मग पेरू आठवला. इतकी वर्षं तो त्यांच्याही घशात अडकला होता तर.

"त्यालाही परत घ्या, सर," मी म्हणाले.

सर वळले आणि ओढ्याकडे चालू लागले. त्यांना इतकं बेशिस्त चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

परत आले तेव्हा मॉनिटर पुढे होती आणि सर मागे. फाटकापाशी ते थांबले. शेळीही थांबली. सरांनी तिच्यासमोर तोंड करून दोन्ही हात वर केले आणि तसेच उभे राहिले, उशिरा आलेल्या मुलासारखे. बाबा पाहत होते, तुमची आई पाहत होती, नीलने तोंडावर हात ठेवला होता. मॉनिटरने सरांना हुंगलं आणि त्यांच्या शिट्टीची दोरी चघळायला घेतली. सरांचे हात हळूहळू खाली यायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस तो. मला राहवेना.

"सर," मी झरोक्यातून हाक मारली, "कोपर टेकवा. चालतंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि फाटकाच्या खांबाला कोपर टेकवलं.

शिक्षा त्यांच्या हिशेबाने पूर्ण झाल्यावर मॉनिटर आत आली. एकदाच ओरडली. मेंढ्या माझ्या दारापासून वळल्या आणि तिच्या मागे निघून गेल्या. मी इतका वेळ त्यांची पुढारी होते, पण एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. इंग्रजीनेही नाही.

जेवायला भाकरी, पिठलं, ठेचा होता. भुंकण्याने बाबांचा घसा बसला होता. जेवण झालं, आभार मानून झाले, सामान गाडीत गेलं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. तुमची आई म्हणाली, छान वाटलं. बाबांनी मान हलवली. नील म्हणाला, बाय. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते आणि प्रत्येक तोंड दुसरंच काहीतरी बोलत होतं. सर फाटकाशी सावधान उभे होते. त्यांना अट ठाऊक होती आणि त्यांनी कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही.

गाडी रस्त्याला लागली. मी मनात पुंडलिकनगरच्या जिन्याच्या पायऱ्या चढत होते. तेवढ्यात तुमच्या आईने मागे पाहून विचारलं, "ईरा, तुझा फोन कुठे आहे?"

फोन बाकावरच राहिला होता. तुझ्या लक्षातही आलं नव्हतं.

बाबांनी गाडी वळवली. सर अजून तिथेच उभे होते, फोन हातात, धोतराच्या फडक्याने पुसून स्वच्छ केलेला. तू उतरलीस. मी काच खाली केली. तू फोन घेतलास, खिशात टाकलास आणि विचारलंस, "आजोबा, पुढच्या डिसेंबरला मॉनिटर इथेच असेल ना? परत काढणार नाही ना तिला?"

सरांनी विचारलं, "म्हणजे? परत येणार?"

"येणार ना," तू म्हणालीस. "बाबांची नखं कापून आणू."

वहिनींनी पदराचं टोक सोडलं.

तुम्ही परत गेल्यावर सरांनी मुलाला फोन केला. तो शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमध्ये बसला होता. सरांनी सांगितलं की लेझीम पथकात त्याची जागा मोकळी आहे. बसमधल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. मुलगा म्हणाला, बाबा, आता गुडघे दुखतात. पण संक्रांतीला तो बायकामुलांना घेऊन शेतावर आला, आणि वहिनी सांगतात की कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने गोठ्यामागे थोडी लेझीम खेळून घेतली. सरांनी खिडकीतून पाहिलं. पावलं चुकत होती. सरांनी शिट्टी वाजवली नाही. अर्थात शिट्टीची दोरी मॉनिटरने खाल्लेली होती, हेही खरं.

मेंढ्या शेतावरच आहेत. इंग्रजीला कोकरू झालं आहे. त्याचं नाव व्याकरण. मॉनिटरला आता प्रार्थनेच्या वेळी गाड्यांपासून दूर बांधतात, आणि ही शिक्षा नसून व्यवस्था आहे, असं सर मला दर रविवारी फोनवर समजावून सांगतात.

तर या डिसेंबरला येताना बाबांची नखं विमानात बसण्याआधीच कापा, आणि शेंडीचं काय ते तेच ठरवोत. मी काळी शाल आणणार नाही. पण सर म्हणतात, मॅडम, खुशाल आणा. त्यांनी त्या खोलीचं दार काढून उलटं बसवून घेतलं आहे. आता ते आत उघडतं.